सांधा सुटतो हाताने, जुळतो आकड्याने

मोटारीच्या पुढच्या चाकाला उंचसखल रस्त्यावर वरखाली होणे आणि चालकाच्या हातातील चक्राच्या हुकमाने उजवीडावीकडे वळणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात, आणि या दोन भिन्न हालचालींचा मेळ ज्या एका लहानशा अवयवावर अवलंबून असतो त्याचे नाव बॉल जॉइंट. पोलादाचा गुळगुळीत गोळा, त्याला चहूबाजूंनी धरणारी वाटी, आत ग्रीस, वरून धूळ आणि पाणी अडवणारा रबरी बूट, आणि गोळ्यातून बाहेर आलेला, टोकाला आटे पाडलेला एक दांडा, एवढाच त्याचा संसार. हा सांधा साध्या हत्यारांनी कसा सोडवावा, ही विद्या आपल्या शहरांतील आणि तालुक्याच्या गावांतील मिस्त्रींना उत्तम अवगत आहे. परंतु तोच सांधा पुन्हा नेमका किती आवळावा याचा आकडा मात्र कारखानदाराच्या दप्तरात बंद आहे, आणि मोटारदुरुस्तीच्या आपल्याकडील साऱ्या व्यवहारात हीच सर्वांत घातक, परंतु दूर करण्यास सर्वांत सोपी उणीव आहे, असे माझे मत आहे.

या सांध्याचा इतिहास फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक मोटारींचे पुढचे चाक किंगपिन नावाच्या एका उभ्या खिळीभोवती वळत असे. तिला वरचेवर ग्रीस द्यावे लागे आणि तिचे बुश झिजले की ते ठोकून काढून नवे बसवावे लागत. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकी अभियंत्याने स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात बसवणारी जी रचना योजिली, ती इंग्लंडातील फोर्ड कंपनीने १९५० साली जाहीर केलेल्या कॉन्सल आणि झेफिर या मोटारींतून सर्वसामान्य ग्राहकापर्यंत आली. १९५४ साली अमेरिकेतील फोर्ड मोटारींनी किंगपिनला निरोप देऊन बॉल जॉइंट स्वीकारला. आणि १९८३ च्या डिसेंबरात गुडगावच्या कारखान्यातून मारुती ८०० बाहेर पडली, तेव्हा मॅक्फर्सनची ही रचना भारतातील मध्यमवर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. ती रचना समजून घेण्याचे आणि तिची दुरुस्ती करण्याचे काम मात्र कंपनीच्या वातानुकूलित कार्यशाळांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात रस्त्याकडेच्या गॅरेजांनी केले, आणि तेही कोणी न शिकवता.

नट काढला म्हणजे सांधा सुटला असे ज्याला वाटते, त्याने तो कधी सोडवलेला नसतो. दांडा निमुळता असतो, आणि चाकाचा भार वाहणारी जी नकल, तिच्या तितक्याच निमुळत्या छिद्रात तो नटाच्या जोराने ओढून बसवलेला असतो. हे निमुळतेपण बहुधा दहा मिलिमीटर लांबीस एक मिलिमीटर, किंवा त्याच्या आसपास असते. म्हणजे शंकूची बाजू त्याच्या मध्यरेषेशी अवघ्या तीनेक अंशांचा कोन करते, आणि कोरडे पोलाद पोलादावरून आपोआप घसरू लागावे यासाठी याहून पुष्कळच अधिक उतार लागतो. यामुळे एकदा बसलेला शंकू, नट काढून फेकून दिला तरी, निव्वळ घर्षणाच्या बळावर वर्षानुवर्षे आपल्या जागी घट्ट राहतो. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेल्या पाचरेला जसे वेगळे बंधन लागत नाही, तसेच हे. रचनाकाराने ही घट्टपणाची योजना बुद्धिपुरस्सर केलेली आहे, कारण प्रत्येक खड्ड्यात तो दांडा छिद्रातल्या छिद्रात हलू लागला, तर ते छिद्र थोड्याच काळात लंबगोल होईल आणि नकलच निकामी ठरेल.

अशा स्थितीत सांधा सोडवायचा कसा? अननुभवी माणूस दांड्याच्या टोकावर, आट्यांवरच, हातोडा घालतो. आटे चेपतात, टोक फुलते, आणि मग सांधा सुटला तरी दांडा छिद्रातून बाहेर येत नाही. जाणता मिस्त्री दांड्याला स्पर्शही करीत नाही. तो आधी स्प्लिट पिन काढतो, नट सैल करतो, परंतु तो पूर्ण न काढता काही आट्यांवर राहू देतो, कारण सांधा सुटताच, नकलला मोटारीच्या सांगाड्याशी जोडणारा आणि ताणात असलेला आर्म झटक्याने खाली येतो आणि तेव्हा त्याला अडवणारे काहीतरी असावे लागते. मग ज्या कड्यात शंकू बसला आहे त्या कड्याच्या एका बाजूस तो एक जड हातोडा ऐरणीसारखा टेकवतो आणि बरोबर समोरच्या बाजूस दुसऱ्या हातोड्याने ठणठणीत आघात करतो. त्या आघाताने कडे क्षणार्धापुरते किंचित चेपते, त्याचे वर्तुळ लंबगोल होते, शंकूवरील त्याची पकड तेवढ्या क्षणापुरती ढळते, आणि आर्मवर पहारीने आधीच खाली दाब दिलेला असला तर तेवढा क्षण पुरतो. येथे जोर किती लावला यापेक्षा घाव कोठे बसला याला महत्त्व आहे. कड्याच्या पोटावर बसलेला एक मोजका घाव जे करतो, ते भलत्या ठिकाणी घातलेले अनेक घाव करू शकत नाहीत.

हातोडा हाच एकमेव उपाय आहे असे नाही, आणि प्रत्येक उपायाची किंमत निराळी आहे. दोन शिंगांची पाचर आर्म आणि नकल यांच्यामध्ये ठोकली की सांधा हमखास सुटतो, पण रबरी बूट त्यात बहुधा फाटतो. सांधाच बदलायचा असेल तर हरकत नाही, परंतु पुष्कळदा सांधा सुस्थितीत असून केवळ आतील अॅक्सल किंवा त्याचे रबर काढण्यासाठी तो सोडवलेला असतो, आणि अशा वेळी पाचर वापरणे म्हणजे एका दुरुस्तीतून दुसरी दुरुस्ती जन्माला घालणे होय. स्क्रूचा पुलर सावकाश पण सभ्यपणे काम करतो. आगीचा उपयोग करणारेही आहेत, परंतु त्या उष्णतेने ग्रीस वितळते, रबर जळते आणि पोलादाचा कस उतरण्याचा धोका राहतो. अलीकडच्या अनेक मोटारींत नकल आणि आर्म अॅल्युमिनियमचे असतात. त्यांवर हातोडा चालवणे हा शुद्ध अविचार आहे. पुष्कळ लहान मोटारींत तर शंकूच नसतो; तेथे दांडा सरळ असून त्याच्या अंगावरील खाचेतून एक आडवा बोल्ट गेलेला असतो. तो बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, आणि नकलची चीर छिन्नीने केवळ सुटण्यापुरतीच फाकवावी लागते. अधिक फाकवली तर ती पुन्हा नीट मिटत नाही.

आणि या सर्वांच्या आधी प्राणरक्षणाचा प्रश्न येतो. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, टेकण्याचे नव्हे. मोटार लोखंडी घोड्यांवर विसावल्याखेरीज तिच्याखाली हात घालू नये, हा नियम जो पाळत नाही त्याला बाकीची कोणतीही विद्या वाचवू शकत नाही. ज्या मोटारींत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असते, त्यांत त्या आर्मला जॅकचा आधार न देता सांधा सोडवला, तर स्प्रिंगमध्ये कोंडलेली शक्ती एका क्षणात मोकळी होते आणि जवळच्या माणसाचा जीव घेऊ शकते. मॅक्फर्सनच्या रचनेत स्प्रिंग खांबातच बंदिस्त असते, म्हणून तेथे खालचा सांधा सोडवणे त्या मानाने निर्धोक आहे. परंतु नुसते बाहेरून पाहून हा भेद ज्याला ओळखता येत नाही, त्याने हत्यार हाती न घेणेच बरे.

इथवरची सारी विद्या हातात वसते. ती डोळ्यांनी पाहून, उस्तादाच्या शिव्या खाऊन आणि बोटे चेंगरून येते. कोणतेही पुस्तक न वाचता नाना पेठेतला, कुर्ल्यातला किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एखादा पोरगा काही वर्षांत त्यात पारंगत होतो, आणि कोणताही कारखानदार ती त्याच्यापासून लपवू शकत नाही, कारण लोखंड स्वतःच ती सांगत असते. सांधा पुन्हा जुळवण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. शंकू आणि छिद्र कोरडे व स्वच्छ पुसावे, त्यावर ग्रीस लावू नये, स्प्लिट पिन नेहमी नवी घालावी, नायलॉनचे कडे असलेला नट दुसऱ्यांदा वापरू नये, खाचांचा नट असेल तर पिनचे छिद्र जुळत नाही म्हणून तो मागे फिरवू नये, पुढच्याच खाचेपर्यंत न्यावा, आणि काम संपल्यावर चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे, इतके सांगता येते. परंतु तो नट किती न्यूटन-मीटर जोराने आवळावा, हे लोखंड सांगत नाही. ते दांड्याच्या जाडीवर, आट्यांच्या मापावर, पोलादाच्या जातीवर आणि आरेखकाच्या हिशेबावर ठरलेले असते, आणि एका मोटारीचा आकडा दुसरीस लागू पडेलच असे नाही.

कमी आवळला तर शंकू छिद्रात पुरता बसत नाही. तो सूक्ष्म हालचाल करू लागतो, छिद्र झिजते आणि कालांतराने नटही सैल होतो. फाजील आवळला तर आटे ताणले जातात, किंवा चिरेच्या नकलमधला आडवा बोल्ट आतून दुर्बळ होऊन महिनोन्महिने तसाच उभा राहतो आणि एखाद्या वळणावर तुटतो. या दोहोंचा परिणाम एकच. चाक आर्मपासून विलग होऊन फेंडरखाली मुडपते, मोटार रस्त्यावर टेकते, आणि त्या क्षणी तिचा वेग किती होता यावर आतील माणसांचे भवितव्य ठरते. मिस्त्री लांब पान्यावर आपल्या दंडाच्या अंदाजाने नट आवळतो. त्याचा अंदाज पुष्कळदा बरोबर असतो, हे मी आनंदाने मान्य करतो. परंतु जेथे मानवी प्राण टांगलेले आहेत तेथे ‘पुष्कळदा’ या शब्दावर विसंबून राहणे कोणत्याही सुसंस्कृत समाजास शोभणारे नाही.

हा अंदाज चुकला आहे काय, हे तपासणारी यंत्रणा तरी आहे काय? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते, आणि तिच्या नूतनीकरणाच्या वेळीच ती मोटार चालण्यास योग्य आहे की नाही याची सरकारी तपासणी होते. मधल्या काळात तिच्या धुराचा दाखला मागितला जातो, सांध्यांचा मागितला जात नाही. इंग्लंडात १९६० साली वाहनांची सक्तीची तपासणी सुरू झाली, तेव्हा ती दहा वर्षांच्या जुन्या गाड्यांपुरती होती. आज तेथे तीन वर्षांची झालेली मोटारही दरवर्षी तपासली जाते, आणि चाक उचलून, हलवून सांध्यांतील झीज पाहणे हा त्या तपासणीचा भाग असतो. आपल्याकडे पंधरा वर्षांपर्यंत हे काम करणारा एकमेव परीक्षक म्हणजे गॅरेजमधला तो मनुष्य, जो टायरखाली पहार घालून चाक वर ढकलतो, कान देतो आणि सांगतो, ‘साहेब, बॉल जॉइंट गेलाय.’ ज्याच्यावर शासनाने न बोलता एवढी जबाबदारी टाकली आहे, त्याला लागणारा कागद देण्याची तजवीज मात्र कोणीही केलेली नाही.

आमचे रस्ते त्या जबाबदारीत भर घालतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे सर्वसाधारण वाहतुकीसाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, सावकाश चढउताराचा असावयास हवा. प्रत्यक्षात गल्लोगल्ली एका रात्रीत उभे राहणारे अरुंद उंचवटे कोणत्या मोजमापाने बांधलेले असतात, हे वाचकांस सांगण्याची गरज नाही. त्यांच्या जोडीला पावसाळ्यातील खड्डे आहेत, त्यांत साचलेले गढूळ पाणी आहे, आणि फाटलेल्या बुटातून ते पाणी आत शिरले की ग्रीसची जागा चिखल घेतो व गोळा आणि वाटी एकमेकांस खाऊ लागतात. अशा प्रदेशात सांधे वारंवार सुटणार आणि वारंवार जुळवले जाणार, हे गृहीत धरूनच नियम केले पाहिजेत.

दुरुस्तीची माहिती दडवून ठेवण्याचा प्रश्न आपल्या न्यायव्यवस्थेपुढे आलेलाच नाही असे नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दोष शोधण्याची उपकरणे आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र दुरुस्ती करणारांस खुल्या बाजारात मिळू न देणे हा त्यांच्यावरील मुख्य आरोप होता. प्रकरण पुढे वरच्या न्यायासनांकडे गेले, आणि रस्त्याकडेच्या मिस्त्रीच्या हातात काही कागद आला नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली कौल देऊन मोटारदुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांस खुली करण्याचा कायदा करवून घेतला. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळ उघडले, ज्यात मोटार हे चार क्षेत्रांपैकी एक आहे. या प्रयत्नांचे मी स्वागत करतो. परंतु त्यांचा रोख बहुतेक सुट्या भागांकडे, हमीपत्राकडे आणि संगणकीय कुलुपांकडे आहे. बॉल जॉइंटला संगणक लागत नाही आणि त्याला कसले गुपितही नाही. त्याला हवा आहे तो केवळ एक आकडा.

यावर कारखानदारांकडून हरकत घेतली जाईल की अप्रशिक्षित माणसाच्या हाती अशी माहिती दिल्याने अपघात वाढतील. ही हरकत वरकरणी जितकी गंभीर दिसते तितकीच आतून पोकळ आहे, कारण माहिती नाही म्हणून सांधा सोडवणे कोणी थांबवलेले नाही आणि थांबवणारही नाही. गुप्ततेने सोडवणे रोखले जात नाही, फक्त नीट जुळवणे रोखले जाते. दुसरी हरकत अशी की आमचे मिस्त्री टॉर्कचा पाना वापरणारच नाहीत. काही जण वापरणार नाहीत, हे खरे. परंतु ज्याच्यापाशी आकडाच नाही त्याने तो पाना विकत घ्यावा तरी कशासाठी? आधी आकडा, मग पाना, हाच स्वाभाविक क्रम आहे. तिसरे म्हणणे असे ऐकू येते की आता सांधा आर्मसह एकसंध येतो आणि संपूर्ण आर्मच बदलला जातो, तेव्हा हा वादच कालबाह्य झाला. परंतु आर्म बदलतानाही त्याचा दांडा नकलपासून सोडवावाच लागतो आणि पुन्हा जुळवावाच लागतो. किंमत तेवढी वाढते, आकड्याची गरज कमी होत नाही.

माझी मागणी म्हणून अगदी लहान आहे. दाराच्या चौकटीवर टायरमधील हवेचा दाब छापलेले पत्रक कारखानदार विनातक्रार चिकटवतात. त्याच न्यायाने मालकाच्या पुस्तिकेत एक पान असे असावे, की ज्यावर ज्यांच्या सैल होण्याने प्राण जाऊ शकतात अशा सांध्यांचे आवळण्याचे आकडे, कोणता नट पुन्हा वापरू नये याची सूचना, आणि स्प्रिंगचा भार कोणत्या आर्मवर आहे हे दाखवणारी एक आकृती, एवढेच असेल. ते पान मराठीत असावे, कारण ज्याने ते वाचायचे तो मराठीत विचार करतो. मराठीला हे झेपणार नाही असे म्हणणाऱ्यांनी किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ची, आणि १९७६ पासून खंडशः प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशाची आठवण ठेवावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकच्या वर्गांत तेच पान क्रमिक पाठ म्हणून लावता येईल, आणि ज्यांनी संस्थेचे तोंडही पाहिले नाही अशा जुन्या मिस्त्रींची परीक्षा त्यांच्या हातांवरून घेऊन त्यांना दाखला देता येईल.

यासाठी नवे खाते उघडण्याचे कारण नाही. कोणतीही मोटार बाजारात येण्यापूर्वी तिचा नमुना १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे अधिकृत चाचणीसंस्थेकडून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि अशा संस्थांपैकी १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही महाराष्ट्रातच, पुण्यात आहे. मंजुरीसाठी दाखल होणाऱ्या कागदपत्रांत हे एक पान सक्तीचे करावे आणि ते कोणाही नागरिकास विनामूल्य पाहण्यास मिळावे, असा नियम केंद्र सरकारला दुरुस्तीच्या एका कलमाने करता येईल. महाराष्ट्र शासनाने तसा आग्रह धरावा, आणि मोटार घेणाऱ्याने रंग आणि मायलेज यांच्याबरोबर या पानाचीही चौकशी विक्रेत्याकडे करावी. विक्रेत्यास उत्तर देता आले नाही, तर त्याने ते कारखान्याकडून मागवून द्यावे, एवढा हट्ट धरण्याचा अधिकार लाखो रुपये मोजणाऱ्या ग्राहकास निश्चितच आहे.